खिडकी बदलल्यावर घर तेच राहतं का?

पन्नास-साठ वर्षं जुन्या इमारतीत रंगकाम निघालं की पाठोपाठ खिडक्यांचा विषय निघतो. चौकटीचं खालचं आडवं लाकूड पावसानं कुजलेलं असतं, बिजागऱ्या गंजलेल्या असतात, झडप कितीही ओढली तरी कडी कोयंड्यात बसत नाही. मग मापं घ्यायला माणूस येतो. ॲल्युमिनियम की यूपीव्हीसी, दोन ट्रॅक की तीन, साधी काच की टफन्ड, अशी चर्चा होते आणि चार दिवसांत कोटेशन हातात पडतं. या गडबडीत घरातलं एखादं वडीलधारं माणूस म्हणतं, ‘खिडक्या काढल्यात तर हे घर आपलं वाटणार नाही.’ बाकीचे ऐकून घेतात आणि कामाला लागतात.

हे बोलणं हळवेपणाचं समजून सोडून दिलं जातं, आणि तिथेच मोठी गफलत होते. एखाद्या वस्तूचे भाग बदलत गेले तर ती वस्तू तीच राहते का, हा तत्त्वज्ञानातला दोन हजार वर्षांहून जुना प्रश्न आहे. अथेन्समध्ये त्यावर वाद झाले, बौद्ध आणि नैयायिक त्यावरून शतकानुशतकं भांडले, न्यायालयांनाही त्याला सामोरं जावं लागलं. आणि या प्रश्नाचं जे उत्तर घरमालक कळत-नकळत मनाशी धरतो, त्यावरच तो कोणती खिडकी निवडणार आणि ती कशी बसवून घेणार हे ठरतं.

ग्रीक चरित्रकार प्लूटार्कनं थीसियसच्या जहाजाची हकीकत नोंदवली आहे. अथेन्सच्या लोकांनी आपल्या या वीराचं जहाज पिढ्यानपिढ्या जपलं. फळी कुजली की ती काढायची आणि तिच्या जागी नवी, मजबूत फळी ठोकायची. जहाज तेच राहिलं असं काही विचारवंत म्हणत, ते राहिलं नाही असं काही म्हणत. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज यानं 1655 साली ‘दे कोर्पोरे’ या ग्रंथात या हकीकतीत आणखी एक पेच घातला. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमानं जोडून दुसरं जहाज उभं केलं, तर दोन जहाजांपैकी थीसियसचं कोणतं?

गोव्यात हे कोडं डोळ्यांनी पाहता येतं. तिथल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले असत. शास्त्रीय परिभाषेत ‘प्लाकुना प्लासेंटा’ म्हणून ओळखला जाणारा हा शिंपला चपटा, पातळ आणि पारभासक असतो. त्याच्या कडा कापून तो चौकोनी करायचा आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत ओळीनं सरकवायचा. काच महाग आणि दुर्मीळ होती त्या काळात या तावदानांनी घरांना उजेड दिला. दुपारचं ऊन त्यांतून सौम्य होऊन आत येई आणि बाहेरच्याला आतलं दिसत नसे. पुढे काच स्वस्त झाली. शिंपला फुटला की त्याजागी काच बसू लागली. आता हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत आहे, त्यामुळे समुद्रातून तो काढून नवी तावदानं घडवणं शक्य नाही, आणि साहजिकच जुन्या खिडक्यांना भाव आला आहे. वारसदार परदेशी, घर बंद, छप्पर बसलेलं, अशा ठिकाणच्या चौकटी आणि झडपा जुन्या लाकूडसामानाच्या व्यापाऱ्याकडे जातात, तिथून नव्या बंगल्यांत आणि हॉटेलांत. मूळ घरात कुणी राहत असेल तर तिथे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी येते.

म्हणजे हॉब्जची दोन्ही जहाजं इथे उभी आहेत. एका बाजूला जुनं घर आणि नव्या खिडक्या, दुसऱ्या बाजूला नवा बंगला आणि जुन्या खिडक्या. पण गावातल्या कुणालाही विचारलं तर अमक्याचं घर आता त्या बंगल्यात गेलं, असं तो म्हणणार नाही. बंगल्याच्या मालकानं खिडक्या विकत घेतल्या, घर घेतलं नाही. जहाजाबाबत जे ठरवणं अवघड जातं, ते घराबाबत माणसं सहज ठरवतात. घराचं घरपण नुसत्या लाकडात नसतं, इतकं तरी यातून दिसतं. मग ते कशात असतं?

न्याय-वैशेषिक दर्शनांचं उत्तर कडक आहे. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा ‘अवयवी’ खरोखर अस्तित्वात असतो. तंतूंहून पट वेगळा, कपालांहून घट वेगळा. पण या भूमिकेची किंमतही त्यांना मोजावी लागते. कापडातला एक तंतू निघाला की मूळ पट नष्ट होतो आणि ‘खंडपट’ नावाचा नवा पट निर्माण होतो, असं ते सांगतात. मडकं भाजण्यावरून तर या दोन भावंडांतही मतभेद झाले. भट्टीत मडक्याचे परमाणू सुटे होतात आणि लाल रंगाचं नवंच मडकं तयार होतं, असा वैशेषिकांचा पीलुपाकवाद. मडकं अखंड राहतं आणि त्याचा फक्त रंग बदलतो, असा नैयायिकांचा पिठरपाकवाद. ‘हे तेच आहे’ ही ओळख पटते खरी, पण दिव्याच्या ज्योतीबाबतही ती पटते. प्रत्यक्षात ज्योत क्षणाक्षणाला नवी असते आणि ओळख केवळ सारखेपणावर उभी असते. या हिशेबानं खिडक्या काढल्या की जुनं घर संपलं आणि दुसरं उभं राहिलं. घरातल्या त्या वडीलधाऱ्या माणसाचं म्हणणं वैशेषिकांच्या सभेत अक्षरशः खरं ठरलं असतं.

बौद्धांनी दुसरं टोक गाठलं. ‘मिलिंदपञ्हो’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. हा मिलिंद म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला यवन राजा मिनँडर. नागसेन त्याला विचारतो, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमकं काय? चाक म्हणजे रथ का? आस, जू, दांडी यांपैकी काही रथ आहे का? की या सगळ्यांचा ढीग म्हणजे रथ? राजाला प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणावं लागतं. शेवटी राजा स्वतःच सांगतो, या भागांच्या आधारानं व्यवहारात वापरलेलं ते एक नाव आहे, आणि नागसेन त्याला दुजोरा देतो. घरही असंच एक नाव ठरतं. खिडकी आली काय आणि गेली काय, हरवण्यासारखं तिथे मुळात काही नव्हतंच.

दोन्ही उत्तरं तर्काच्या कसोटीवर टिकतात. पण दोघांनाही एका साध्या गोष्टीचा उलगडा करता येत नाही. नळ बदलले, वायरिंग बदललं, संडासाच्या फरशा बदलल्या तेव्हा कुणी ‘घर आपलं वाटणार नाही’ म्हटलं नव्हतं. खिडकीच्याच वेळी ते का म्हटलं जातं? अवयव म्हणून पाहिलं तर नळ आणि खिडकी सारखीच.

योगायोग असा, की याचा धागा ‘मिलिंदपञ्हो’ मध्येच पुढे एका ठिकाणी सापडतो, आणि तिथे चर्चा खिडक्यांचीच आहे. राजाचं म्हणणं, शरीरात एक जीव आहे. तो डोळ्यानं पाहतो, कानानं ऐकतो. आपण या प्रासादात बसलो आहोत आणि मनात येईल त्या खिडकीतून, पूर्वेच्या, पश्चिमेच्या, उत्तरेच्या, दक्षिणेच्या, बाहेर पाहू शकतो, तसाच तो जीव आत बसून इंद्रियांच्या खिडक्यांतून पाहतो. यावर नागसेनाचं उत्तर मोठं मार्मिक आहे. प्रासादाच्या खिडक्या उघडून टाकल्या तर डोकं बाहेर काढून आपल्याला आकाशात जास्त चांगलं दिसेल. मग डोळे उपटून काढले तर आतल्या जीवालाही जास्त स्वच्छ दिसेल का? राजा निरुत्तर होतो. त्यानंतर नागसेन आपलं मत मांडतो. डोळा आणि रूप यांच्या आधारानं चक्षुविज्ञान उपजतं, त्याच्या सोबत स्पर्श, वेदना आणि बाकीचं उपजतं. आत बसलेला कुणी पाहणारा आणि बाहेर पसरलेलं जग, या दोघांना जोडणारं भोक म्हणजे डोळा, अशी मांडणीच चुकीची. पाहणं या दोघांच्या भेटीत घडतं.

नागसेनाला त्यातून अनात्मवाद सिद्ध करायचा होता, आणि तो पटलाच पाहिजे असं नाही. पण खिडकीबद्दल त्यानं जाता जाता फार मोलाचं सांगून ठेवलं आहे. खिडकी हा घराचा असा भाग आहे, जो स्वतः वस्तू असून एक संबंधही आहे. भिंत, फरशी, नळ घरात असतात. खिडकीत मात्र घर आणि बाहेरचं जग एकत्र येतात. सकाळी सात वाजता कोणत्या कोपऱ्यात ऊन पडतं, पावसाळ्यात कोणत्या बाजूनं झड येते, भाजीवाल्याची हाक कुठून ऐकू येते, समोरच्या घरात कोण आलं-गेलं हे कुठून कळतं, हे सगळं खिडक्यांनी ठरवलेलं असतं. माणूस ज्याला आपलं घर म्हणतो त्याचा बराच मोठा हिस्सा या संबंधांचा असतो. म्हणून नळ बदलल्यावर जे वाटत नाही ते खिडकी बदलताना वाटतं. घर तेच राहिलं की नाही याचा निवाडा लाकूड आणि ॲल्युमिनियम यांच्यात नाही, तो या संबंधांत आहे. ते टिकले तर घर टिकलं. तुटले तर जुनी चौकट भिंतीत राहूनही घर बदललं.

यातली दुसरी गोष्ट इंग्लंडमध्ये खरोखर घडली. तिथे 1696 मध्ये खिडक्यांवर कर बसला आणि तो 1851 पर्यंत चालला. कर वाचवण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. अशा बुजवलेल्या खिडक्या तिथल्या जुन्या घरांच्या दर्शनी भिंतींवर आजही दिसतात. कमान आहे, उंबरठ्याचा दगड आहे, आकार जसाच्या तसा आहे, पण आत उजेड नाही.

याच्या उलट साक्ष मावळात आहे. भाजे आणि कार्ले इथली चैत्यगृहं दोन हजार वर्षांपूर्वी खडकात खोदली गेली, ती लाकडी बांधकामाचा घाट डोळ्यांपुढे ठेवून. कार्ल्याच्या छताच्या लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत. भाज्याच्या दर्शनी बाजूचं लाकूडकाम मात्र गेलं, त्याच्या खाचा तेवढ्या खडकात उरल्या. पण कार्ल्याच्या नालाकृती गवाक्षातून येणारा उजेड अजूनही लांबलचक मंडपातून आत जाऊन स्तूपापर्यंत पोचतो. ज्यांनी ती खिडकी योजली त्यांना साधायचा होता तो हाच परिणाम. तिथे उभं राहणाऱ्याला खिडकी हरवली आहे असं वाटत नाही.

कायद्यानं तर हे जवळजवळ सूत्ररूपात मान्य केलं आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम 1882 सालचा. मुंबई इलाख्याला तो 1891 मध्ये लागू झाला. एखाद्या इमारतीला वीस वर्षं विनाअडथळा, शांतपणे उजेड आणि हवा मिळत राहिली असेल तर तो हक्क पक्का होतो, असं त्याचं पंधरावं कलम सांगतं. आणि या हक्काची व्याप्ती किती? अठ्ठाविसाव्या कलमात ती दिली आहे: त्या सबंध काळात त्या खिडकीतून जितका उजेड आणि जितकी हवा येत आली, तितकी. लाकूड, काच, झडप यांचा तिथे उल्लेखही नाही. इंग्लंडमधल्या अपील न्यायालयासमोर 1886 मध्ये ‘स्कॉट विरुद्ध पेप’ हा खटला आला. इमारत नव्यानं बांधताना खिडक्या पूर्वीसारख्या राहिल्या नव्हत्या. मग जुना हक्क गेला का? न्यायालयानं पाहिलं ते जुन्या आणि नव्या खिडक्यांत येणारा उजेड तोच आहे का, एवढंच. खिडकीची ओळख तिच्यातून येणाऱ्या उजेडावरून ठरली. न्यायमूर्तींनी नागसेन वाचला होता म्हणून नव्हे, प्रश्न नीट विचारला की उत्तर त्याच दिशेला जातं म्हणून.

आता हे घेऊन बाजारात जावं.

आज शहरांत जुन्या झडपांच्या खिडकीची जागा सर्रास सरकती खिडकी घेते. ती दिसायला नीटस, आत-बाहेर जागा न अडवणारी, जाळी लावायला सोयीची. पण दोन ट्रॅकवरची दोन तावदानं एकमेकांमागे सरकतात, त्यामुळे एका वेळी उघडते ती निम्मीच खिडकी. तीन ट्रॅकपैकी एकावर जाळी असेल तरी गणित तेच. झडपांची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. राष्ट्रीय बांधकाम संहितेनं उष्ण-दमट हवामानात राहत्या खोलीच्या खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या किमान एक षष्ठांश असावं असं म्हटलं आहे. बारा बाय दहाच्या खोलीला त्या मानानं वीस चौरस फूट खिडकी लागते. तिथे सरकती खिडकी बसली की वाऱ्याला वाट उरते दहा चौरस फुटांची. शेजाऱ्यानं भिंत बांधून ही निम्मी हवा अडवली असती तर घरमालक वकील गाठून त्याच अधिनियमाचा आधार शोधू लागला असता. इथे तो स्वतः पैसे मोजून ती अडवतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात एसी घेतो.

बसवण्याच्या पद्धतीतही हाच प्रश्न दडलेला आहे. एक रीत म्हणजे जुनी चौकट भिंतीतून काढायची. त्यात गिलावा फुटतो, धूळ होते, खर्च वाढतो. दुसरी रीत म्हणजे जुनी चौकट तशीच ठेवून तिच्या आत नवी बसवायची. काम एका दिवसात उरकतं, पण चारही बाजूंनी उघडी जागा आकसते, आणि लहान खिडकीत ही घट चांगलीच जाणवते. झटपट काम करून देणारे हा फरक सांगत नाहीत. तो विचारून घ्यावा लागतो.

मापं घेणारा माणूस जाणता असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजतो, उंचीही तशीच, आणि त्यातलं सगळ्यात लहान माप धरतो. दोन्ही कर्णही मोजतो, कारण जुनी भोकं क्वचितच काटकोनात असतात. टफन्ड काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही, म्हणून इथली चूक नंतर निस्तरता येत नाही. चौकट आणि भिंत यांतली फट कोरड्या सिमेंटनं भरून टाकली तर पहिल्याच पावसाळ्यात तिथे चीर पडते. फोम आणि बाहेरून सीलंट हा त्यावरचा उपाय. खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रं असतात. गवंड्यानं ती गिलाव्यानं बुजवली की ट्रॅक भरून पाणी घरात उतरतं आणि दोष खिडकीवर येतो. खिडकीखालच्या कठड्याला बाहेरच्या बाजूला उतार हवा. या बारीकसारीक गोष्टींवर घर आणि पाऊस यांचं नातं ठरतं.

उंचीचा मुद्दा तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. अनेक जुन्या वाड्यांत आणि कोकणातल्या घरांत खिडकीचा तळ बराच खाली असे. जमिनीवर बसलेल्या माणसाला बाहेरचं दिसावं, अशी ती योजना होती. नव्या खिडकीच्या वेळी खालचा भाग विटांनी भरून तळ तीन फुटांवर नेला जातो. उभ्या माणसाला फरक जाणवत नाही. खाली बसून निवडणं-टिपणं करणाऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मात्र रस्ता दिसेनासा होतो आणि उरतो तो आकाशाचा तुकडा.

आकाशाचा तुकडाही कमी मोलाचा नाही, हे ज्यू परंपरेनं सांगितलं आहे. बायबलच्या जुन्या करारात दानीएल वरच्या मजल्यावरच्या, जेरुसलेमकडे उघडणाऱ्या खिडक्यांपाशी दिवसातून तीनदा गुडघे टेकून प्रार्थना करतो. त्यावरून तालमूदमध्ये दंडक आला, की खिडक्या असलेल्या घरातच प्रार्थना करावी. आकाशाकडे दृष्टी गेली की मन नम्र होतं, असं भाष्यकारांनी त्याचं कारण दिलं. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी रचलेल्या ‘शुल्हान आरुख’ या आचारग्रंथात प्रार्थनागृहाला बारा खिडक्या असाव्यात असंही आहे. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाला कोकणातून आणि मुंबईतून जेरुसलेम पश्चिमेला. त्यांची प्रार्थना त्या दिशेला तोंड करून होते. इथे खिडकीला दिशा आहे, पत्ता आहे. ती दुसऱ्या भिंतीत हलवली तर काचेची प्रत कितीही उत्तम असो, ती खिडकी राहत नाही.

घराचं घरपण संबंधांत आहे असं म्हटलं की एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. मग वस्तूला काही किंमतच नाही का? गोव्यातल्या त्या शिंपल्यांच्या जागी स्वच्छ काच बसवली तर उजेड वाढतो, पण तो वेगळा उजेड असतो. त्यात ऊन डोळ्यांवर येतं आणि रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं. म्हणजे संबंध कसा असेल हे वस्तूच ठरवते. ॲल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या सुमारे हजारपट सहज वाहते. पश्चिमेच्या भिंतीतली ॲल्युमिनियमची चौकट दुपारी हाताला लागते, सागवानी चौकट लागत नाही. वस्तू गौण नाही. पण तिची पारख ती काय करून देते यावर व्हावी, ती कशाची बनली आहे एवढ्यावर नाही.

शिवाय लाकडावर खुणा असतात. मुलांची उंची दाखवणाऱ्या पेन्सिलीच्या रेघा, दिव्याची काजळी, वर्षानुवर्षं हात लागून गुळगुळीत झालेली कडी. या खुणा कुठल्याही नव्या खिडकीत उतरवता येत नाहीत. त्या घराची साक्ष आहेत आणि साक्ष गेली की ती गेलीच. या ठिकाणी जुन्याला धरून बसणारं माणूस पूर्णपणे बरोबर असतं.

अशा वेळी काय करावं, याचा एक भव्य नमुना पुरीला आहे. जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा यांच्या मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाच्या. अधिक आषाढ येणाऱ्या ठरावीक वर्षी ‘नवकलेवर’ होतं. 1977, 1996 आणि 2015 साली ते झालं. लक्षणं पाहून झाडं निवडली जातात, नव्या मूर्ती घडतात, आणि काळोखात, डोळे बांधून, हात कापडात गुंडाळून, जुन्या मूर्तीतला ‘ब्रह्मपदार्थ’ नव्या मूर्तीत ठेवला जातो. जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारातल्या कोइली वैकुंठ इथे पुरल्या जातात आणि दैतापती सेवक त्यांचं सुतक पाळतात. लाकूड नाशवंत आहे हे तिथे उघडपणे मानलं आहे. पण ते बदलताना काय पुढे न्यायचं हे ठरलेलं आहे, आणि जे मागे राहतं त्याला निरोप दिला जातो. घराच्या खिडक्या बदलताना या दोन्ही गोष्टी सुटतात. काय पुढे न्यायचं याचा विचार होत नाही, आणि उतरवलेली झडप संध्याकाळच्या आत भंगारवाल्याच्या गाडीवर असते.

नव्यानं जुन्याचं सोंग घ्यावं का? इथे 1964 ची व्हेनिस सनद वाट दाखवते. वास्तूचा हरवलेला भाग नव्यानं बसवताना तो एकूण रचनेत मिसळायला हवा, पण मूळ भागाहून वेगळा ओळखूही यायला हवा, असं तिचं बारावं कलम आहे. ते स्मारकांसाठी आहे, तरी घरालाही शोभतं. यूपीव्हीसीवर सागवानाच्या रेषांचं वेष्टण चिकटवण्यापेक्षा ते आपल्या मूळ रूपात, पण जुन्या झडपांच्या विभागणीशी जुळवून बसवणं जास्त प्रामाणिक. मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींचा समूह 2018 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्या घरांत राहणाऱ्यांना हा विचार आणखी जबाबदारीनं करावा लागेल, कारण त्यांची खिडकी एकट्या त्यांची नाही, सबंध रस्त्याची आहे.

तसं पाहिलं तर कुठलीच खिडकी एकट्याची नसते. आरशासारखी काच लावली की आतल्याला बाहेरचं दिसतं आणि बाहेरच्याला दिसतं आपलंच प्रतिबिंब. दोन बाजूंचं नातं एकतर्फी होतं. जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझनं 1714 साली विश्वाची मूलद्रव्यं ‘मोनाड’ आहेत आणि त्यांना खिडक्या नसतात, असं मांडलं. त्याच्या विश्वात मोनाडांचा मेळ ईश्वरानं आधीच घालून ठेवलेला होता. शहरातल्या शेजाऱ्यांचा मेळ असा कुणी घालून ठेवलेला नाही. तो गॅलरीतून, खिडकीतून, हाकेतून रोज घालावा लागतो.

म्हणून कोटेशनवर सही करण्यापूर्वी एक रविवार द्यावा. जुनी खिडकी पूर्ण उघडून मोकळी जागा टेपनं मोजावी. सकाळ, दुपार, संध्याकाळ ऊन कुठे पडतं ते पाहावं. घरातलं जे माणूस त्या खिडकीपाशी सगळ्यात जास्त वेळ बसतं, त्याला तिथून काय दिसतं ते त्याच्या शेजारी बसून पाहावं. मग विक्रेत्याकडे तितकी मोकळी जागा देणारी, झडपांची खिडकी मागावी. यूपीव्हीसीतही ती मिळते, ॲल्युमिनियममध्येही मिळते. आणि त्याहीआधी एका चांगल्या सुताराला बोलवावं. दमट हवेच्या गावात धडधाकट सागवानी खिडकी केवळ जुनी दिसते म्हणून काढून सरकती बसवणं ही चूक आहे. चौकटीचं खालचं कुजलेलं लाकूड कापून तिथे नव्या सागाचा जोड देता येतो, बिजागऱ्या पितळी घालता येतात आणि बाकीची खिडकी जागच्या जागी राहते.